शहाऐंशी नकार

१

काशीराम भाटकरने मला फोन करावा, हीच मुळात संशयाची गोष्ट होती. दहा वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. बाजारात समोरासमोर आलो तर दोघांपैकी एकजण रस्ता ओलांडून पलीकडे जातो, आणि तो एकजण मी कधीच नसतो.

"दत्ता, ऑफिसला ये. चोरी झालीय," एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला.

मी दत्ताराम पावसकर. तीस वर्षं विमा कंपन्यांसाठी बोटींची पाहणी केली. बुडालेल्या, जळालेल्या आणि मुद्दाम बुडवलेल्या. आता निवृत्त आहे. काशीराम पूर्वी सहा ट्रॉलरांचा मालक होता. आजही बंदरावरचा बर्फाचा कारखाना त्याचाच आहे, पण ओळख बदलली. आता तो 'कोकणझेप' या विमान कंपनीचा अध्यक्ष आहे. नऊ-नऊ आसनांची दोन विमानं रत्नागिरीहून मुंबईला आणि गोव्याला स्वस्तात माणसं नेतात, आणि हा शर्टाच्या खिशाला सोनेरी पंख लावून फिरतो.

ऑफिस विमानतळाच्या रस्त्यावर आहे. रेकॉर्डच्या खोलीत पत्र्याची हिरवी ट्रंक उघडी पडली होती. आत कागदांचे बारा गठ्ठे होते, प्रत्येकाला सुतळी आणि गावाच्या नावाची चिठ्ठी. देवरूख, पाली, मालगुंड, लांजे... तेराव्या गठ्ठ्याची जागा रिकामी होती.

"बंदराचा गठ्ठा नाही," भिंतीशी उभी असलेली मुलगी म्हणाली. "शहाऐंशी फॉर्म होते. काल संध्याकाळपर्यंत इथेच होते."

"कधीच नव्हते," काशीराम म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "दत्ता, चार वाजता संचालक मंडळ बसतंय. मुंबईहून माणसं येतायत. त्याआधी मला तुझ्या सहीचं पत्र पाहिजे. ही बंदरावर गेलीच नाही. घरी बसून आकडे लिहिले, आणि आज कागद तपासणार म्हटल्यावर चोरीचा कांगावा केला. तसं लिही. ते पत्र मी देशातल्या प्रत्येक विमान कंपनीला पाठवणार. हिला परत कुठं खुर्ची मिळता कामा नये."

मुलीने दात-ओठ खाल्ले.

"रत्नागिरीत माणसं संपली का? मलाच का बोलावलंस?"

"तू माझा माणूस नाहीस हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे," तो म्हणाला. "तुझ्या शब्दावर कोण शंका घेईल?"

२

मुलीचं नाव पूर्वी, आडनाव मांडवकर. वय सत्तावीस, देवरूखजवळच्या खेड्यातली, कंपनीची नियोजन अधिकारी. मी तिला कॅन्टीनमध्ये बसवलं. ती रडेल अशी माझी अपेक्षा होती, पण ती भयंकर चिडलेली होती.

"काका, पत्र लिहायचंच असेल तर आत्ता लिहा. उगाच गोड बोलू नका."

"मी गोड बोलतो असा आरोप माझ्यावर अजून कुणी केला नाही. भांडण कशाचं आहे ते सांग."

भांडण विमानांचं होतं. कंपनी वाढवायची यावर सगळ्यांचं एकमत. पुणे, कोल्हापूर, नागपूर, हैदराबाद, सगळीकडे उडायचं. पण कशात बसून? काशीरामला, त्याच्या मुलाला आणि पुण्याच्या सल्लागाराला बहात्तर आसनांची सहा विमानं भाड्याने हवी होती. पूर्वीचं म्हणणं, एकोणीस आसनांची चार घ्या.

"बहात्तर आसनांचं विमान गणपतीत भरेल, शिमग्यात भरेल, मे महिन्यात भरेल. उरलेलं वर्षभर निम्म्या खुर्च्या रिकाम्या उडतील, आणि रिकाम्या खुर्चीलाही इंधन लागतं. लहान विमान दिवसातून तीनदा जाईल. माणूस सकाळी मुंबईला जाऊन, काम उरकून जेवायला घरी येईल. शिवाय चारही विमानं एकाच जातीची. कुठलाही वैमानिक, कुठलाही मेकॅनिक कुठल्याही विमानाला चालेल. स्वस्त तिकिटाची कंपनी अशीच जगते."

"मग ते इतके मूर्ख आहेत का?"

"नाहीत. मोठ्या विमानाच्या पोटात रोज दोन टन मासळी गेली तर त्यांचं गणित बसतं. म्हणून मी बंदरावर विचारायला गेले. कोकणझेपच्या विमानातून मासळी पाठवाल का? शहाऐंशी जणांना विचारलं. शहाऐंशी नाही म्हणाले."

"एकही हो नाही?"

"एकसुद्धा नाही."

खरं सांगतो, तिथे माझा तिच्यावरचा विश्वास उडाला. बंदरावरच्या शहाऐंशी माणसांचं आज कुठला वार आहे यावरसुद्धा एकमत होत नाही. माझ्या धंद्यात सगळी उत्तरं सारखी आली की ती एकाच माणसाने लिहिलेली असतात.

"का नाही म्हणाले?" मी विचारलं.

तिने पहिल्यांदा नजर चुकवली. "कारणाचा रकाना होता फॉर्मवर."

"त्यात काय होतं?"

"ते मी सांगणार नाही," पूर्वी म्हणाली आणि उठून गेली.

३

आधी सल्लागाराला गाठलं. अजिंक्य, पुण्याचा, पांढरे बूट. रत्नागिरीच्या लाल मातीत पांढरे बूट घालणाऱ्याचा सल्ला कुणी का घ्यावा, हे मला कळलेलं नाही. त्याची खोली रेकॉर्डच्या खोलीला लागूनच होती.

"अंकल, इथला प्रॉब्लेम मेंटॅलिटीचा आहे," तो म्हणाला. "मोठा विचारच करत नाही कोणी. त्या मुलीला एसटीच्या स्टँडवरून विमान सोडायचंय."

"गठ्ठा तू घेतलास?"

"मला गरज काय? तिचे आकडे खोटे आहेत हे शेंबड्या पोरालाही कळेल." बोलता बोलता त्याने टेबलाजवळच्या यंत्रात दोन जुने कागद सारले. घर्रर्र आवाज झाला आणि खाली शेवयांसारख्या पट्ट्या पडल्या. "गुपित कागद मी असे संपवतो. पन्नास पानं मिनिटाला. सगळं ऑफिस हेच मशीन वापरतं. आज आधी कोणी चालवलं असतं तर डब्यात कचरा दिसला असता ना? डबा बघा."

डब्यात त्या दोन कागदांच्याच पट्ट्या होत्या.

पुढच्या खोलीत काशीरामचा मुलगा निहार आम्लेट-पाव खात होता. समोर टेबलावर चहाचा कप, आणि कपाखाली कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. गणपतीच्या चित्रावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं.

"आज संकष्टी ना?" मी म्हटलं.

"असेल. ते खातं बाबांचं." तो हसला. "तुम्ही बाबांवर दात धरून आहात हे माहितीय मला. पण विमानाचा धंदा सरळ आहे. मोठी बोट, मोठी मासळी. बाबा त्याच्यावरच वर आले."

तेवढ्यात काशीराम आत आला. त्याने मुलाकडे पाहिलं, मग कपाकडे. कप उचलून बाजूला ठेवला, पत्रिका शर्टाला पुसली, कपाळाला लावली आणि खिशात घातली. मग मला म्हणाला, "पत्र झालं का?"

"शाई वाळतेय," मी म्हटलं.

शेवटी केरू. पन्नाशीचा शिपाई, पालीचा. ट्रंकेची किल्ली त्याच्या स्टुलामागच्या खिळ्याला टांगलेली असते आणि ती सगळ्यांना दिसते. उगाच नाही म्हणत, कुंपणच शेत खातं.

"साहेब, काल सहाला मीच कुलूप लावलंय. तेरा गठ्ठे होते. बंदराचा सगळ्यात वर होता, सुतळी मीच बांधली."

"हे भाटकरांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, केरू, तुझी नजर कमी झालीय. चष्मा कर." तो अपमान त्याच्या तोंडावर अजून होता. "सकाळी मी साडेसातला उघडलं. निहारसाहेब आठला, ते पुण्याचे सव्वाआठला, मोठे साहेब साडेआठला. मी चहा करीत होतो. मॅडम नऊला आल्या, त्यांनी ट्रंक उघडली नि ओरडल्या."

म्हणजे गठ्ठा होता. पण तो खरा होता की पूर्वीने स्वतः लिहिलेला, हे केरू सांगू शकत नव्हता. ते सांगणारी माणसं बंदरावर होती, आणि साडेबारा वाजत आले होते.

४

बोटी समुद्रात होत्या. संध्याकाळशिवाय बोट चालवणारा एकही तांडेल जमिनीवर भेटला नसता. पण बाजारात तुळसा होती, तिच्या नेहमीच्या ओट्यावर, सुरमई कापत.

"आली होती की ती पोर," तुळसा म्हणाली. "तीन दिस होती. माज्याच ओट्यार बसून भाकरी खाल्लान. नाय आली कोन बोल्ला?"

"काशीराम."

तिने सुरी खाली ठेवली. आजूबाजूच्या दोघीजणी वळून बघू लागल्या.

काशीरामचं नाव त्या ओट्यावर का घेत नाहीत, हे मला माहीत आहे. दहा वर्षांपूर्वी वादळाचा बावटा लागलेला असताना त्याने एक ट्रॉलर बाहेर पाठवली. तांडेल होता विठू, तुळसाचा नवरा. चार माणसं परत आली नाहीत. काशीराम गावभर सांगत सुटला की विठू प्यालेला होता. मी त्या बोटीची आधीची पाहणी केलेली होती. तळाच्या फळ्या कुजलेल्या होत्या, मी त्या बदलायला सांगितल्या होत्या, त्याने बदलल्या नाहीत. मी तसा अहवाल दिला, विम्याचा दावा फेटाळला गेला, आणि तिथेच सगळं थांबलं. पुढे कुणाला शिक्षा झाली नाही. मी आणखी ओरडायला हवं होतं. ओरडलो नाही, याची मला आजही लाज वाटते.

"फॉर्म तुम्हीच लिहिले? तुमच्या हातांनी?"

"मग! कुनी सही केलान, कुनी आंगठा. घरवाल्यानी लिवला, खलाशांनी लिवला."

"काय लिहिलं ते संचालकांपुढे येऊन सांगशील? बाकीचे सांगतील?"

"आमी सांगू, नि उद्या त्यानं बर्फ बंद केलान तर? मासळी काय उरावर ठेवायची?" मग ती जरा नरमली. "दत्ताभाऊ, ती पोर बोल्ली होती, कोनाचं नाव भायेर जानार नाय. म्हनून लिवलाव. एकदा लिवला ता लिवला. कागद हाय ना? कागद वाचा."

"कागदच चोरीला गेलेत."

"कोन चोरील ते? देवाचं नाव हाय वरती." मी काही न कळून पाहत राहिलो, तसं तिने समजावलं. "कागद हातात घेतल्यार वर 'श्री देव भैरी प्रसन्न' लिवल्याबिगर कोन सुरू करतो? पोर बोल्ली, मावशी, वर जागा नाय. मग आमी बाजूक समासात घातला. शहाऐंशीच्या शहाऐंशी कागदांवर हाय."

मी तिथेच, मासळीच्या पाण्यात उभा राहिलो. सकाळपासून मी गठ्ठा कुणी घेतला हे विचारत होतो, आणि प्रश्नच चुकीचा होता.

५

खरा प्रश्न असा, की गठ्ठा बाहेर का नेला?

ट्रंकेपासून दहा पावलांवर कागद कापायचं यंत्र. शहाऐंशी पानांना दोन मिनिटं पुरे. तेही नको तर काडेपेटी आहे. तरी चोराने दिवसाढवळ्या, माणसं येत-जात असताना, जाडजूड गठ्ठा अंगावर वागवला. पकडलं जायचा धोका पत्करला, पण कागद फाडला नाही. कारण फाडायला त्याचा हात धजावला नाही.

अजिंक्यने समासाकडे पाहिलंही नसतं. निहार गणपतीच्या डोक्यावर चहा ठेवतो, त्याचा हात कशाला थांबेल? केरू देवभोळा आहे, पण गठ्ठा होता हे सांगणारा तोच. चोर असता तर त्याने साहेबांच्या होला हो केलं असतं. राहिली पूर्वी. फॉर्म खरे आहेत हे तुळसाने सांगितलंच, आणि खरे फॉर्म हीच पूर्वीची एकमेव ढाल. ती ते कशाला लपवील?

उरला एकच. मळलेली पत्रिका कपाळाला लावणारा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा.

पण मनातल्या तर्काला संचालक मंडळ विचारत नाही. कागद हवे होते. देवाचं नाव असलेला कागद ज्याला नको असतो, तो काय करतो? पाण्यात सोडतो. पालीचा माणूस ओढ्यात सोडेल. दर्यावर वाढलेला माणूस मात्र भरतीत कधी सोडणार नाही, कारण भरतीचं पाणी सगळं परत किनाऱ्यावर आणून टाकतं. तो ओहोटी लागायची वाट पाहील.

आज संकष्टी, म्हणजे चतुर्थी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, हे बंदरावरचं पोर शाळेत जायच्या आधी शिकतं. चार पाऊण तीन. आमच्याकडे पाणी त्याच्या अर्धा तास आधीच फुगतं. अडीच वाजता पूर्ण भरती, आणि लगेच ओहोटी. पहाटेची भरती चोरीच्या आधीच होऊन गेली होती. चार वाजायच्या आत कागद बाहेर काढायचे तर संधी ही एकच.

मी केरूला फोन लावला. "मोठे साहेब कुठायत?"

"दर्शनाला गेले. आज गाडी स्वतःच घेऊन गेले, ड्रायव्हरला नको म्हणाले."

घड्याळात दोन वाजून पाच मिनिटं झाली होती.

"तुळसा," मी म्हटलं, "ओटा झाक. माझ्याबरोबर भाट्याच्या खाडीवर चल."

६

खाडीच्या तोंडाशी काशीरामचा जुना धक्का आहे, ट्रॉलरांच्या दिवसांतला. आता तिथे कुणी येत नाही. रिक्षा लांब सोडून आम्ही माडांमधून चालत गेलो. पाणी काठोकाठ भरून स्थिर होतं. काशीराम पँट दुमडून पायरीवर गुडघाभर पाण्यात उभा होता. हातात लाल कापडात बांधलेलं काहीतरी, वर नारळ. तो पाण्याकडे बघत होता, कधी वळतंय त्याची वाट पाहत.

"अजून दहा मिनिटं आहेत, काशी," मी म्हटलं.

तो दचकला, पण सावरलाही लगेच. "संकष्टीचं निर्माल्य आहे. तुझं काय काम इथं?"

"निर्माल्याला केरूची सुतळी कशाला बांधली?"

कापडाच्या टोकातून सुतळी लोंबत होती. त्याने ती आत सारली. "पुढं येऊ नकोस दत्ता. सोडून देईन."

आणि त्याने सोडलंही असतं. मी त्रेसष्ट वर्षांचा, गुडघे गेलेले, पाण्यात उतरून त्याच्याशी झोंबणार नव्हतो. भरतीतसुद्धा कागद भिजले की शाई गेली, आणि शाईबरोबर ती पोरगी गेली.

"वाचलेस तू ते?" मी वेळ काढायला विचारलं.

"वाचले! आठ दिवसांपूर्वीच वाचले!" तो ओरडला. "शहाऐंशी जणांनी तेच लिहिलंय. माणसं बुडवणाऱ्याला मासळी देणार नाही. कुणी लिहितो खुनी. मी यांना बर्फ देतो, यांच्या पोरांना नोकऱ्या देतो, आणि हे मुंबईच्या लोकांसमोर वाचलं जाणार? माझ्याच कंपनीत?"

तुळसा माझ्या मागून पुढे आली. त्याने तिला तोवर पाहिलंच नव्हतं. ती सरळ पायऱ्या उतरून लुगड्यासकट पाण्यात गेली आणि त्याच्यासमोर उभी राहिली.

"देवाचं नाव हाय म्हनून फाडलास नाय," ती म्हणाली. "खाली आमची नावं हायत. त्यांचं काय?"

काशीरामने लाल कापडाची गाठ आवळली.

"माज्या घोवाला बेवडा बोल्लास, मी गप बसले. पोर लहान होती. आता ह्या पोरीला खोटी बोलतोस. दे."

तिने हात पुढे केला. त्याने गठ्ठा छातीशी धरला. पाणी वळायला लागलं होतं, पायरीशी अडकलेला एक पेंढा हळूहळू समुद्राकडे निघाला. ओढून घ्यायचा प्रयत्न तुळसाने केला नाही. ती नुसती हात पसरून उभी राहिली आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी त्याने खाली पाहिलं आणि गठ्ठा तिच्या हातावर ठेवला.

"पत्र लिहितोयस ना?" तो मला म्हणाला. आवाजातला माज मात्र तेवढाच होता.

"लिहितोय," मी म्हटलं. "फक्त नाव बदललंय."

७

चार वाजता तीन संचालक आले. त्यात एक बाई निवृत्त वैमानिक होत्या, अंगाने किरकोळ आणि नजरेने कडक. मी गठ्ठा टेबलावर ठेवला, तो कुठे मिळाला ते चार वाक्यांत सांगितलं आणि माझं पत्र त्यांच्या हातात दिलं. काशीराम अध्यक्षाच्या खुर्चीत बसून होता. त्याने नाही म्हटलं नाही. निहारने बापाकडे एकदा बघितलं आणि मान फिरवली. अजिंक्य एकदम लॅपटॉपमध्ये गुंतला.

बाईंनी फॉर्म चाळले. प्रत्येक फॉर्मचा नाव-सहीचा खालचा भाग पूर्वीने घडी घालून झाकला होता; ती घडी न उलगडता त्यांनी फक्त उत्तरं वाचली. खूप वेळ लागला, आणि कुणीही चहा मागवला नाही.

"पूर्वी," त्या म्हणाल्या, "यात तिसरा प्रश्न आहे. स्वतः विमानाने प्रवास कराल का? एकसष्ट जणांनी 'हो' लिहिलंय. पुढे लिहिलंय, मालक बदलला तर. कोणाची मुलगी मुंबईत शिकते, कोणाला दवाखान्यात जायचं असतं. सकाळी जाऊन संध्याकाळी येणारं लहान विमान यांना हवंय. म्हणजे तुझ्या योजनेला सगळ्यात मोठा आधार इथेच आहे. तुझ्या अहवालात हे का नाही?"

पूर्वी उभी राहिली. "मॅडम, मासळीचा आकडा आला की मोठी विमानं परवडत नाहीत हे सिद्ध होत होतं. तेवढं पुरेसं होतं. अहवालातला कारणाचा रकाना मी कोरा ठेवला. साहेबांचा चारचौघांत अपमान करायचा नव्हता."

मला सकाळची तिची चुकवलेली नजर आठवली. ज्याची अब्रू ती झाकत होती, तो तिचं आयुष्य पुसायला निघाला होता. मी काशीरामकडे पाहिलं. खाडीवर तो एवढा पांढरा पडला नव्हता.

"तू मला सांगायचंस," तो पुटपुटला.

"सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं, साहेब?"

बाईंनी गठ्ठ्याची सुतळी पुन्हा बांधली.

"अहवाल दुरुस्त करायचा असेल तर आत्ता कर," बाई म्हणाल्या. "मतदान त्यानंतर."

पूर्वीने अहवालाचं चौथं पान काढलं आणि पेन घेतलं. कोऱ्या रकान्यात तिने एकच शब्द लिहिला. मी मागेच उभा होतो, मला दिसला. 'मालक.'

मग तिने ते पान टेबलावरून काशीरामसमोर सरकवलं.

"दुरुस्तीखाली अध्यक्षांची सही लागते," ती म्हणाली.

त्याने खिशाला हात लावला. पेन नव्हतं. पूर्वीने आपलं पुढे केलं, आणि त्याने सही केली.